दुसऱ्या राउंडलाही हवं ते कॉलेज नाही लागलं, घरात कोणाशी बोलताच येत नाहीये

कातळावरचा_१८

नमस्कार सगळ्यांना. इथे आधी नुसतं वाचायचो, लिहितोय पहिल्यांदाच, त्यामुळे मोठं झालं तर सांभाळून घ्या.

मी देवगड तालुक्यातला, यंदा बारावी सायन्स झालो. बोर्डाला मार्क चांगले पडले, ८६ टक्के, पण इंजिनीअरिंगच्या प्रवेश परीक्षेला, सीईटीला, ९३ पर्सेंटाइलच आले. अकरावीपासून डोक्यात एकच होतं, मुंबईचं व्हीजेटीआय नाहीतर पुण्याचं सीओईपी, आणि ब्रँच कॉम्प्युटर. सरांनी निकालानंतर सांगितलेलं की तिथे ९९ च्या पण वर लागतात, तरी मी फॉर्मात वरचे सगळे पर्याय तेच आणि मुंबई-पुण्याचेच भरले, वाटलं काय सांगता येतं, एखादवेळेस कटऑफ खाली येईल. पहिल्या राउंडला काहीच लागलं नाही. काल दुसऱ्याची यादी लागली आणि त्यात नवव्या नंबरचा पर्याय आलाय, रायगडातलं लोणेरे, ब्रँच ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन). तो मी भरायचा म्हणून भरला होता.

माझा जवळचा मित्र, एकाच बाकावर बसायचो आम्ही, त्याला सीओईपी लागलं. त्याच्यासाठी खरंच बरं वाटतंय मला पण त्याचा फोन आला तर उचलवत नाहीये. ग्रुपवर सगळ्यांचे स्टेटस चालू आहेत. बाबा कराराने बागा घेतात आंब्याच्या, त्यांनी यादी लागल्यापासून एक शब्द काढला नाही, सकाळी बागेत जातात ते दिवेलागणीला येतात, पावसात बागेत एवढं काय काम असतं मला माहीत आहे. आई म्हणते जेव, झोप, होईल नीट. पण मला झोप नाही लागत, तीन-चार वाजेपर्यंत मागच्या वर्षीचे कटऑफच बघत बसतो.

आणि त्यात आता गणपती आले जवळ. मुंबईचे दोन्ही काका, आत्या, सगळी भावंडं येणार, पहिला प्रश्न हाच असणार की काय रे कुठे लागला नंबर. आत्याचा मुलगा आधीच मुंबईत चांगल्या कॉलेजात आहे. मला तर वाटतंय यंदा गणपतीत घरीच असू नये.

तर विचारायचं हे की यातून बाहेर कसं येतात लोक? ज्यांना हवं ते कॉलेज मिळालं नाही त्यांनी काय केलं? ड्रॉप घ्यावा का, म्हणजे वर्षभर थांबून परत सीईटी द्यावी? की आहे ते घेऊन गप्प जावं? मला खरंच काही सुचत नाहीये. नुसतं सगळं चांगल्यासाठी होतं असं कोणी प्लीज सांगू नका, ते घरात सगळे सांगतायत.

---

कुडाळचे_सर

बाळ, आधी एक काम कर आणि मग बाकीचं वाच. दुसऱ्या राउंडची सीट ॲक्सेप्ट करायची शेवटची तारीख आणि वेळ बघ, कागदावर लिही आणि डोळ्यासमोर लाव. दुःख करायला मुदत नसते पण सीटला असते. मी कुडाळात बरीच वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतोय आणि दर जुलैमध्ये मुलांचे फॉर्म भरून घेतो, आणि माझ्या बघण्यातलं सगळ्यात मोठं नुकसान नंबर न लागल्याचं नाही, तर नंबर न लागल्याच्या रागात जी हातची होती ती पण सोडून दिलेल्या मुलांचं आहे. आपल्याकडे पावसात दोन-दोन दिवस लाइट नसते, रेंज नसते, सर्व्हर शेवटच्या दिवशी रडतो, त्यामुळे शेवटच्या संध्याकाळची वाट बघू नको.

आता नियम नीट समजून घे कारण मला वाटतं अर्धी झोप त्यानेच येईल. २०२५-२६ पासून कॅपचे, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचे, चार राउंड झाले. पहिल्या राउंडला पहिला पर्याय लागला, दुसऱ्याला पहिल्या तीनातला लागला, तिसऱ्याला पहिल्या सहातला लागला, तर ती सीट आपोआप फ्रीज होते आणि पुढे जाता येत नाही. तुला दुसऱ्या राउंडला नववा लागलाय. म्हणजे तुझी सीट आपोआप फ्रीज झालेली नाही. तू ती हजार रुपये भरून ॲक्सेप्ट करायची, नॉट फ्रीज ठेवायची, आणि तिसऱ्या राउंडचा ऑप्शन फॉर्म परत भरायचा. पुढे वरचा काही लागला तर ही आपोआप सुटते, नाही लागला तर ही तुझीच. तरी यंदाची माहिती पुस्तिका एकदा स्वतः वाच, माझ्यावर पण विसंबू नको, नियम दरवर्षी थोडे हलतात.

दुसरी गोष्ट. ९३ पर्सेंटाइल म्हणजे ९३ टक्के मार्क नव्हेत हे तुला माहीत असेल पण घरच्यांना सांग. २०२५ ला सीईटीच्या पीसीएमला (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ४ लाखांच्या वर मुलं बसली होती. तोच आकडा धरला तर तुझ्या पुढे साधारण २८-३० हजार आणि मागे पावणेचार लाखांच्या वर. आता एका कॉलेजातल्या एका ब्रँचला जागा असतात किती, ६०, फार तर १२०, त्यातही वेगवेगळ्या कोट्यांत वाटलेल्या. पेपर २०० मार्कांचा, गणिताचा एक प्रश्न २ मार्कांचा, वरच्या टोकाला दोन-चार मार्कांच्या फटीत शेकडो मुलं बसलेली असतात. गणपतीच्या गाडीचं वेटिंग क्लिअर झालं नाही तर आपण असं म्हणत नाही की रेल्वेने आपल्याला नालायक ठरवलं, जागा थोड्या आणि जाणारे फार एवढंच त्यातून कळतं. कटऑफ पण तेवढंच सांगतो. तुझा पेपर हातात घेऊन कोणी तुला नको म्हटलेलं नाही, त्या यादीमागे तुला ओळखणारा माणूसच नाही.

आणि हे पण सांगतो कारण कोणीतरी सांगायला हवं. दरवर्षी कोकण बोर्ड निकालात राज्यात पहिलं येतं, २०२५ ला बारावीचा कोकण विभागाचा निकाल ९६.७४ टक्के होता, पेपरात फोटो येतात, पेढे वाटतात. त्यामुळे घरात सगळ्यांना वाटतं आपली पोरं पहिली म्हणजे सीईटीला पण पहिलीच असणार. बोर्ड वेगळं, सीईटी वेगळी. इथे वेळ लावून प्रश्न सोडवायचा सराव हवा, तो देणारे क्लास आपल्या दोन्ही जिल्ह्यांत मोजके, ज्यांना परवडतं ते कोल्हापूर नाहीतर पुणं गाठतात. तू देवगडात राहून एसटीने ये-जा करून ९३ आणलेस. मला तुझ्याबद्दल मनापासून आदर वाटतो, हे उगाच समजूत काढायला नाही म्हणत.

---

पुण्यातला_कोकणी

सरांचं बरोबर आहे पण एक बाजू मी मांडतो कारण मुलाने स्वतःच म्हटलंय की गोड बोलू नका. कॉलेजच्या नावाने फरक पडतो. मी पुण्यात एका कंपनीत भरतीच्या कामात आहे. फ्रेशर घेताना मोठ्या कंपन्या ठरावीक कॉलेजांतच जातात, हे सत्य आहे. सीओईपीच्या मुलाच्या दारात जी कंपनी येते तिच्याकडे छोट्या गावातल्या कॉलेजच्या मुलाला स्वतः धडपडत जावं लागतं, ऑफ कॅम्पस, ओळखी काढून, टेस्ट देत. पहिल्या नोकरीला हा फरक जाणवतोच. त्यामुळे काही फरक पडत नाही असं जे म्हणतात ते पोराला फसवतायत असं माझं मत.

पण फरक किती दिवस, तर दोन-तीन वर्षं. त्यानंतर समोर बसलेल्या माणसाला मी कॉलेज विचारत नाही, काय केलंस ते विचारतो आणि एखादा कोड समोर टाकतो. ई अँड टीसीची कितीतरी मुलं सॉफ्टवेअरमध्ये आहेत, माझ्या टीममध्येच आहेत. तेव्हा वाईट वाटून घे, कारण वाईट वाटण्यासारखं आहे, पण सगळं संपलं असा हिशोब मांडू नको, तो हिशोब चुकीचा आहे.

---

लोणेरेवाली

तुझ्या पोस्टमध्ये लोणेरे वाचलं आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही. मी तिथलीच, ई अँड टीसीच, आता पास होऊन काही वर्षं झाली. मी रत्नागिरी जिल्ह्यातली, राजापूर तालुका.

मला पण तिथे जायचं नव्हतं. माझं माटुंग्याचं व्हीजेटीआय होतं डोक्यात, तुझ्यासारखंच. आई सोडायला आली होती, हॉस्टेलवर सामान टाकलं, बाहेर धो धो पाऊस, आणि मी तिच्याशी नीट बोलले पण नाही, ती परत गेली. पहिले दोनेक महिने मी तिथे होते पण नव्हते, असं. लेक्चरला बसायचे आणि मनात चालू की हे सगळं खोटं आहे, माझं खरं आयुष्य दुसरीकडे चालू आहे आणि कोणीतरी दुसरीच ते जगतेय. मैत्रिणी केल्या नाहीत कारण वाटायचं की इथे कशाला कोणाशी जमवायचं. हे तुला आत्ताच सांगून ठेवते कारण तुलाही असं होईल बहुतेक, आणि झालं तर घाबरू नको, ते जातं.

माझं कधी गेलं ते मला चांगलं आठवतं. लॅबमध्ये सीआरओवर, म्हणजे सिग्नल स्क्रीनवर रेघेसारखा दाखवणाऱ्या यंत्रावर, सिग्नल स्थिर करायचा होता, सगळ्यांचा धावत होता स्क्रीनवर, माझा पण, ट्रिगरचं बटण फिरवून फिरवून हात दुखले. लॅबची वेळ संपली, सर म्हणाले बस अजून थोडा वेळ, मी आहे. मग एकदम ती हिरवी रेघ थांबली, पूर्ण साइन वेव्ह, जराही न हलता. मी पाच मिनिटं नुसती बघत होते. सर काही बोलले नाहीत, पुढचं सर्किट आणून समोर ठेवलं. त्या संध्याकाळी जेवताना मी पहिल्यांदा बाजूच्या मुलीला तिचं नाव विचारलं.

आता मी फार मोठी झाले वगैरे काही नाही. पुण्यात एका साध्या कंपनीत एम्बेडेडचं काम करते, काम आवडतं, घरी पैसे पाठवते, भावाचं शिक्षण झालं. व्हीजेटीआयवरून कधी जाणं झालं तर आजही थोडं टोचतं, अगदी खरं सांगते. पण टोचतं एवढंच. त्याने माझा दिवस खराब होत नाही. मला वाटतं तुला आत्ता वाटत असेल की हे दुःख एकतर पूर्ण जायला हवं नाहीतर जन्मभर असंच राहील, तसं नाही होत, ते लहान होतं आणि एका कोपऱ्यात राहतं.

बाकी माहिती म्हणून, लोणेरे हे नुसतं कॉलेज नाही, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाचं मुख्य ठिकाण आहे, विद्यापीठाचा कायदा १९८९ चा. मुंबई-गोवा हायवेवरच, माणगाव आणि महाडच्या मध्ये. तुला कणकवलीहून दिवा गाडी पकडून माणगावला उतरता येईल. सुट्टीला घरी यायला पुण्यापेक्षा सोपं पडतं, हे तुला पहिल्या वर्षी फार कामाला येईल बघ.

---

गुहागर_ड्रॉपर

ड्रॉपबद्दल मी बोलू शकतो कारण मी घेतलेला. ड्रॉप वाईट नाही आणि चांगला पण नाही, कशासाठी घेतोयस त्यावर आहे सगळं.

मी घेतला तेव्हा मला पक्कं माहीत होतं माझं कुठे गेलं. सीईटीत २० टक्के अकरावीचं असतं आणि ८० टक्के बारावीचं, माझी अकरावी पूर्ण कोरी होती आणि गणितात वेळ पुरत नव्हता. म्हणजे दुरुस्त करण्यासारखं ठरलेलं काहीतरी होतं. तू आत्ता पेपर आठवून बघ. कुठले धडे येत नव्हते, की येत असून वेळ गेला, की त्या दिवशी डोकंच चाललं नाही. हे तुला एका पानावर लिहिता आलं तर ड्रॉपचा विचार कर. लिहिता येत नसेल आणि नुसतं मित्राला लागलं मला नाही एवढंच आतून येत असेल तर नको घेऊ. रुसून घेतलेला ड्रॉप नोव्हेंबर उजाडला की अंगावर येतो.

ते वर्ष कसं असतं ते पण कोणी सांगत नाही. सगळे मित्र गेलेले असतात. गावात संध्याकाळी बाहेर पडलं की भेटेल तो विचारतो सध्या काय करतोस, आणि काय सांगणार. अभ्यासापेक्षा तेच जड जातं. घरी राहून जमत नाही म्हणून मी कोल्हापूरला मावशीकडे राहिलो, तो खर्च वेगळा. मला पुढच्या वर्षी पुण्यात मेकॅनिकल मिळालं, पहिल्यापेक्षा बरं कॉलेज, पण ज्याच्यासाठी ड्रॉप घेतला ते नाहीच. माझ्याबरोबर क्लासला एक मुलगी होती तिचे पर्सेंटाइल आधीपेक्षा कमी आले. दोन्ही होतं.

आणि बाबा कराराने बागा घेतात म्हणतोयस, तर एका वर्षाचा क्लास, राहणं, खाणं याचा आकडा त्यांच्याबरोबर बसून काढ, मनातल्या मनात काढू नको.

---

मालवणची_मावशी

बाळा, आधी सांग जेवलंस काय आज?

सगळ्यांनी कॉलेजचं सांगितलं, मी घरातलं सांगते कारण माझी दोन मुलं याच्यातून गेली. धाकटीला मेडिकलला जायचं होतं, नाही लागलं, ती खोलीचं दार लावून बसायची आणि मी दाराबाहेर. तेव्हा तुझ्या आईला काय होत असेल ते मला कळतं.

बाबांचं मनावर घेऊ नको. आपल्याकडचे बापये असेच रे. वाईट वाटलं की बागेत जायचं, होडीकडे जायचं, गुरांच्या गोठ्यात जायचं, तोंडातून शब्द नाही. तो तुझ्यावर राग नाही. मला विचारशील तर त्यांना वाटत असेल की मीच पोराला चांगल्या क्लासला घालू शकलो नाही, आणि हे ते तुला जन्मात बोलणार नाहीत. तेव्हा तूच बोल. संध्याकाळी आले की चहा तू ने त्यांच्यासाठी आणि सरळ सांग, बाबा लोणेरेला लागलंय, मला वाईट वाटतंय, तुमका काय वाटता? बस एवढंच. ते दोन वाक्यं बोलतील, पण बोलतील.

आता गणपतीचं. घर सोडून जायचा विचार मनातून काढून टाक. मुंबयकार इचारतले, इचारू देत. ते वर्षातनं एकदा येतात, त्यांना तुझ्याशी बोलायला दुसरं काय सुचत नाही म्हणून विचारतात. ज्याचं लग्न झालं नाही त्याला लग्नाचं विचारतात, ज्याला पोर नाही त्याला पोराचं. आमच्याकडे मी काय केलं सांगते. माझ्या नवऱ्याला सांगितलं की भाऊ-वहिनींना फोनवरच आधी सांगून टाका, इथे येऊन पाटावर बसल्यावर विषय निघायला नको. चतुर्थीच्या आधीच सगळ्यांना कळलेलं होतं. मग आल्यावर कोणी फार बोललं नाही, एका जावेने काढलं थोडं, तर सासूबाईंनीच तिला मोदकाच्या उकडीकडे पाठवलं. तुझ्या आईला नाहीतर बाबांना हे सांग, ते करतील.

आणि तुला समोरून कोणी विचारलंच तर एकच वाक्य तयार ठेव, लोणेरेला ई अँड टीसी मिळालंय, तिसऱ्या राउंडची वाट बघतोय. मान वर करून सांगायचं. पण, फक्त, नशीब, थोडक्यात गेलं, असलं काही पुढे जोडायचं नाही. आपण रडत सांगितलं की समोरचा सल्ला द्यायला बसतो, नीट सांगितलं की बरं म्हणतो आणि आरतीची तयारी करायला जातो.

मित्राचा फोन उचल रे. त्याला पण अवघड जात असेल, त्याला वाटत असेल मी आनंद दाखवला तर ह्याला लागेल. तुमची मैत्री त्या यादीच्या आधीची आहे. लगेच जमत नसेल तर मेसेज टाक की अभिनंदन, मला थोडे दिवस दे, मग बोलू. खरा मित्र असेल तर समजेल.

एक शेवटचं आणि हे मी गंभीरपणे लिहितेय. रात्री झोप न लागणं, जेवण न जाणं, हे थोडे दिवस होतं सगळ्यांना. पण वाढत गेलं, किंवा जगण्यात काय राम नाही असे विचार यायला लागले, तर त्याच क्षणी आईला उठवायचं, रात्रीचे तीन असले तरी. आणि सरकारचा टेलिमानस म्हणून फोन आहे, १४४१६, पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. माझ्या मुलीने लावला होता, म्हणून सांगते. त्यात लाजण्यासारखं काय नाही.

---

कातळावरचा_१८

सगळ्यांचे खूप आभार, कालपासून परत परत वाचतोय. मावशी, हो जेवलो, आज दोनदा जेवलो. आणि तुम्ही जे शेवटी लिहिलंय तसले विचार नाही आले, पण नंबर आईच्या फोनमध्ये पण सेव्ह केलाय.

सीट ॲक्सेप्ट केली. लाइट नव्हती म्हणून सड्यावर जाऊन रेंज पकडून केली, हजार रुपये भरले, नॉट फ्रीज ठेवलंय.

बाबांशी बोललो. चहा घेऊन गेलो मावशीने सांगितलं तसं. ते आधी बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले लोणेऱ्याला फी किती, आणि मग म्हणाले की माझ्या ओळखीचा एक ड्रायव्हर पेट्या घेऊन त्याच हायवेने जातो, त्याच्याबरोबर एकदा जाऊन बघून येऊ. एवढंच बोलले. पण मग रात्री जेवताना एकत्र बसलो. काकांना फोन तेच करतो म्हणालेत.

गुहागरच्या दादांनी सांगितलं तसं पान लिहायला बसलो. खरं सांगायचं तर पानावर दोनच ओळी आल्या, की केमिस्ट्रीत वेळ गेला आणि इंटिग्रेशन कच्चं होतं. बाकीचं सगळं मित्राचंच येत होतं डोक्यात. त्यामुळे ड्रॉपचं आता मन नाहीये. लोणेरेवाली ताई, तुम्ही ते सीआरओचं लिहिलंत ते मी यूट्यूबवर बघितलं कसं असतं ते.

वाईट अजून वाटतंय. सकाळी उठलो की पहिलं तेच आठवतं.

सर, दोन प्रश्न आहेत. तिसऱ्या राउंडला पर्याय भरताना लोणेरेचं कॉम्प्युटर वर टाकू की मुंबईचं एखादं प्रायव्हेट? आणि फी जास्त झाली तर काय सवलत आहे का, बाबांनी तेच विचारलंय.

---

लोणेरेवाली

सकाळचं ते माझं पण खूप दिवस होतं. मग एक दिवस उठल्यावर आधी वेगळंच काहीतरी आठवलं, बहुतेक सबमिशन. होईल रे. यायचं ठरलं तर मला इथेच मेसेज कर, खोली, मेस, कुठली पुस्तकं सीनियरकडून घ्यायची, सगळं सांगते. बाबांना घेऊन बघून ये नक्की, मी आधी बघायला गेले नव्हते, गेले असते तर पहिला दिवस एवढा परका वाटला नसता.

---

कुडाळचे_सर

बरं केलंस. आता तुझे प्रश्न.

पर्यायांचा क्रम कटऑफ बघून लावायचा नाही, तुला ज्या क्रमाने हवेत त्या क्रमाने लावायचा, यंत्रणा वरून खाली बघत येते आणि जो पहिला बसतो तो देते. वर टाकलं म्हणून खालचं हातातून जात नाही. फक्त लक्षात ठेव की तिसऱ्या राउंडला पहिल्या सहातलं काही लागलं की ते फ्रीज होणार, मग मागे फिरता येत नाही. म्हणून पहिल्या सहात असं एकही कॉलेज टाकू नको जिथे तुला खरोखर जायचं नाही किंवा जिथली फी झेपणार नाही. मुंबईचं नाव आहे म्हणून प्रायव्हेट वर टाकायच्या आधी तिथली फी आणि राहण्याचा खर्च बाबांसमोर मांड. मुंबईत खोलीच परवडत नाही अशी किती मुलं मी बघितली आहेत. माझं मत विचारशील तर लोणेरेचं कॉम्प्युटर त्याच्या वर.

फीबद्दल, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर शिष्यवृत्ती आहे. मुलांना साधारण अर्धी ट्यूशन फी माफ होते, मुलींना २०२४-२५ पासून पूर्ण. प्रवर्गाप्रमाणे योजना वेगळी, तुझी कुठली ते दाखल्यावरून ठरेल. पण ॲडमिशन कॅपमधूनच झालेलं पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून घेतलं तर ही सवलत नाही, हे बाबांना ठळक सांग, कारण आता एजंट लोकांचे फोन चालू होतील. हॉस्टेलसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी, बाबांच्या नावावर सातबारा असेल तर तो बघून घे. दोन्हीचे अर्ज महाडीबीटीवर.

उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल आणि लागत असेल तर नॉन क्रिमीलेअर, हे तहसीलला सेतूत आत्ताच टाक. गणपतीत ऑफिसं बंद, साहेब सुट्टीवर, आणि नंतर सगळ्यांची एकदम गर्दी होते. दहावी-बारावीची ओरिजिनल मार्कशीट आणि कॉलेजातून लिव्हिंग सर्टिफिकेट घेऊन ठेव, प्रत्येकाच्या चार-पाच झेरॉक्स काढ आणि सगळं प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये, पावसाचे दिवस आहेत. तिसऱ्या राउंडचा फॉर्म भरून झाला की कन्फर्म करायच्या आधी त्याची प्रिंट माझ्याकडे पाठव, मी बघून देतो.